आम्ही रोह्याचं घर बघायला गेलो त्याची हकीकत

लातूर शहरातील व भोवतालच्या खेड्यांतील समस्त सुजाण स्त्री-पुरुषांस, विशेषतः ज्यांच्या बाजा अजून अंगणातच आहेत अशांस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येतं, की या भूतलावर असा एक मुलूख अद्याप शिल्लक आहे, जिथं माणसं भिंतीवर डोक्याच्याही वर फळ्या ठोकतात, त्या फळ्यांवर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मांडतात, आणि त्याच बरण्यांखाली अंथरूण घालून खुशाल घोरतात. हे मी ऐकीव सांगत नाही. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन गावी चार दिवस राहून, बरण्या डोळ्यांनी पाहून आणि घोरणं कानांनी ऐकून सांगतो आहे.

लातूरबाहेरच्या वाचकाला वाटेल, यात जाहीर करण्यासारखं काय? त्याच्यासाठी थोडा खुलासा. किल्लारीचा भूकंप झाल्यापासून आमच्या घरात गुडघ्याच्या वर काही ठेवायचं नाही असा कायदा आहे. कायदा माझ्या बायकोनं केला आणि अंमलबजावणीही तीच करते. बरण्या जमिनीवर, डबे जमिनीवर, रेडिओ जमिनीवर. देवांच्या तसबिरीसुद्धा खिळ्यांवरून उतरून भिंतीला टेकून बसल्या आहेत, त्यामुळं नमस्कार करायचा तर उकिडवं बसावं लागतं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझा फळा भिंतीवरून निघाला आणि मुलांसकट लिंबाखाली गेला. शहरातली घरं तशी उभी राहिली होती, भिंतींना चिरा गेल्या होत्या एवढंच. पण चिरेकडं बघत झोप कुणाला लागते? सगळं शहर रस्त्यावर झोपलं. आमच्या गल्लीत बँकेचे मॅनेजर आणि त्यांचाच शिपाई एका सतरंजीवर झोपत, आणि शिपाई घोरतो म्हणून मॅनेजरसाहेब त्याला सकाळी बँकेत बोलत. मी तर गावच्या नाटकांत तीस वर्षं राजाची कामं केलेला माणूस. मी दोन महिने शेजाऱ्याच्या बैलगाडीखाली झोपलो.

खेड्यांत मात्र चिरांवर भागलं नाही. माझी बहीण किल्लारीजवळच्या एका गावात राहायची. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ते सगळं खाली आलं. माझी बहीण तिथंच राहिली. तिची मुलगी संगीता दुपारी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली.

संगीताला वडील आधीच नव्हते. मी तिला लातूरला घेऊन आलो. पोरगी धडधाकट, हसरी, कामाला वाघीण. एकच गोष्ट. ती घरात येईना. अंगणात लिंबाखाली बाज, तिथंच झोपणं, जेवणं, भाजी निवडणं. फार तर पत्र्याखाली जायची. “पत्रा पडला तर टेंगूळ येतं मामा,” ती म्हणायची, “माळवदाचं तसं नसतं.”

तो पत्रा तिच्या बाजेवर ठोकला दिनेशनं. दिनेश रोह्याचा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. कामगारांनी गोळा केलेले कपडे आणि ताडपत्र्या घेऊन जो ट्रक आमच्याकडं आला, त्यावर बसून हा आला, आणि ट्रक परत गेला तरी हा पंधरा दिवस पत्रे ठोकत राहिला. नंतर दोनदा रजा काढून आला, तेव्हा तर ठोकायला पत्राही नव्हता. मग त्याच्या आईचं पत्र आलं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी कूळ, गोत, देवक तपासलं, आणि न जुळणारं जुळवून घेतलं. संगीता म्हणाली, “मुलगा पसंत आहे. घर बघितल्याशिवाय होय म्हणणार नाही.”

आमच्याकडं मुलाकडचे येऊन मुलगी बघतात. पोहे खातात, तिला चालायला लावतात. इथं मुलगी निघाली होती घराला चालतं-बोलतं करून बघायला. मे महिन्याची सुट्टी होती. मी धोतर इस्त्री करून घेतलं आणि तिच्याबरोबर निघालो.

पेण

एसटीत काय काय झालं ते सोडून देतो. एसटीत सगळ्यांचं तेच होतं. पेणला दिनेशचे मामा आम्हाला उतरवून घ्यायला आले होते. वसंतमामा. त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर मी धुराडं शोधत होतो. निघालं एक लांबट कौलारू घर. दारातून आत पाऊल टाकलं आणि मी थांबलो.

गणपती. जमिनीवर गणपती, बाकांवर गणपती, भिंतीला लावलेल्या फळ्यांवर ओळीनं गणपती, त्यावरच्या फळीवर, त्याच्याही वरच्या, थेट आढ्यापर्यंत. बहुतेक पांढरेशुभ्र, सगळे बिनडोळ्यांचे. कौलांच्या फटीतून येणारं ऊन एकेकाच्या सोंडेवर पडलेलं. मी आयुष्यात गणपती फक्त एक-एक पाहिला होता. एवढे सगळे, आणि एकालाही अजून काही दिसत नाही, हे पाहून माझ्यातला नट गप्प झाला. ही घटना विरळा आहे, माझ्या बायकोला विचारा.

दुसऱ्याच क्षणी आठ महिन्यांच्या सवयीनं माझी नजर फळ्यांच्या खिळ्यांवर गेली. एक बारीकसा हादरा बसला, तर? आणि या सगळ्याखाली, मांडी घालून, पाठीला पाठ लावून माणसं निवांत बसली होती. कोणी सोंडेला पॉलिशपेपर घासत होतं, कोणी पितांबर रंगवत होतं, एक बाई हुंदके देत रेडिओवरची श्रुतिका ऐकत होती. वर कोणीच बघत नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. जमिनीवर इतका विश्वास आपणही ठेवत होतो की कधीतरी, हे मी विसरूनच गेलो होतो.

“पोरगी आत का नाय येत?” वसंतमामांनी विचारलं.

संगीता बाहेर ओट्याच्या पायरीवर उभी होती.

“छताखाली जात नाही ती.”

“अवो कौलं हायत ती, मास्तर.”

“कौलं असोत.”

वसंतमामा आत वळले. त्यांनी एक रंगवून झालेली मूर्ती उचलली, रंगाची वाटी घेतली, कुंचला कानावर ठेवला, आणि बाहेर ओट्यावर संगीतासमोर जाऊन बसले. आतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कारण डोळ्यांची आखणी उघड्यावर कोणी करत नाही. वाऱ्यानं धूळ बसते, हात हलतो. मूर्तीत सगळ्यात शेवटी डोळे, आणि ते फक्त वसंतमामा काढतात. त्यांनी श्वास रोखला, आणि एका रेघेत पापणी ओढली. दुसरी. मग बुबुळ. आणि आतापर्यंत जी माती होती तिनं संगीताकडं पाहिलं. खरंच पाहिलं. संगीतानं नकळत पदर सावरला.

“हे वरचे पडत नाहीत?” तिनं विचारलं.

“पडतात की. वर्साला पाच-सा पडतात. मांजर पाडतं.”

“मग?”

“मग काय? नवा करायचा.”

“आणि खालचा माणूस?”

“खालचा मानूस मांजराला शिव्या घालतो.”

संगीता हसली. मी एवढा वेळ गप्प बसलो होतो ते माझ्या प्रकृतीला मानवलं नव्हतं. मी चित्रकलेचा शिक्षक असल्याचं जाहीर केलं आणि कुंचला व आणखी एक मूर्ती मागितली. एक डोळा झकास जमला. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी प्रेक्षकांकडं बघितलं, ही माझी जुनी खोड. झाला तो गणपती असा, की आरती करणाऱ्याला सोडून दहा दिवस शेजारच्या खिडकीत बघत राहिला असता. वसंतमामांनी ओल्या फडक्यानं डोळा पुसला. “शाळेत मुलं काय काढतात?” त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. “आंबे,” मी म्हणालो. “ते बरंय,” ते म्हणाले.

जेवायला जिताडा होता. आमच्याकडं पाहुण्याला पुरणपोळी, इथं खाडीतला हा मासा. त्याच्या तुकडीवरून पाहुण्याची किंमत कळते म्हणे. मला डोक्याकडची, म्हणजे मानाची, तुकडी आली. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या माणसाला काट्याचं गणित येत नाही. तिसऱ्या घासाला काटा घशात. घरातल्या बायकांनी न घाबरता कोरड्या भाताचा मुठीएवढा गोळा गिळायला लावला, आणि काटा गेला. मग पोह्याचे पापड आले. ते इतके चांगले होते की मी पुन्हा एकदा काटा अडकल्याचं सोंग करावं का, याचा विचार केला.

मिठागर

दुसऱ्या दिवशी वसंतमामांनी आम्हाला खाडीकडं नेलं. आधी मला वाटलं, ज्वारीच्या राशी. लांबवर पांढऱ्या राशीच राशी. इतकी ज्वारी, आणि राखणीला कोणी नाही! जवळ गेल्यावर कळलं, मीठ. समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते पिऊन टाकतं, आणि खाली पांढरं उरतं. आमच्या घरी मीठ पुडीत येतं. ते आभाळाखाली असं उघडं, डोळे दिपवत पडलेलं बघून मी “अरे बापरे” एवढंच म्हणालो, आणि तेही माझ्या मानानं हळू आवाजात.

संगीता मात्र तिथं वेगळीच झाली. चारी दिशांना भिंत नाही, झाड नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. ती बांधावर बसली, मग चक्क आडवी झाली, आणि भर दुपारच्या उन्हात, डोळ्यांवर पदर घेऊन झोपली. लातूरला तिला मी अशी झोपलेली पाहिली नव्हती. तिथं ती झोपेतसुद्धा एक हात बाजेच्या काठाला धरून असते.

तासाभरानं उठली तेव्हा फावड्यानं मीठ ओढणारी एक म्हातारी शेजारी येऊन बसली होती. “बरी झोप लागली गो तुला,” ती म्हणाली.

“इथं पडायला काहीच नाही, आज्जी.”

“पडायला नाय. पन पानी येतं.” म्हातारीनं आम्ही बसलो होतो तो बांध हातानं थोपटला. “मोठं उधान आलं की ह्यो फुटतो. मीठ जातं, मागचं भातशेत जातं. माजा घरवाला असाच बांध धराया गेलेला.”

“मग?” संगीतानं विचारलं.

“मग काय, मग बांधला परत. ह्यो त्योच.”

संगीता उठून उभी राहिली आणि ज्यावर झोपली होती त्या बांधाकडं बराच वेळ बघत राहिली. परतताना माझीही बडबड बंद होती. वसंतमामा मला दोनदा म्हणाले, “मास्तर, बरं वाटतं ना?”

गडब

तिसऱ्या दिवशी पेणहून रोह्याला निघालो, आणि गडबला एसटीचं टायर बसलं. हायवेच्या कडेला दुकानं होती. एका बाईपुढं ताडगोळे होते. काचेसारखे, आत गार पाणी. आमच्याकडं ही वस्तू नाही. मी एक सोलायला गेलो आणि त्यातलं पाणी थेट माझ्या इस्त्रीच्या धोतरावर उडालं.

“पावनं कुठनं आलाव?” बाईनं हसू दाबत विचारलं.

“लातूर.”

बाईचा कोयता थांबला. तिनं हात पदराला पुसले आणि संगीताचे दोन्ही हात धरले. आता रडारड होणार म्हणून मी खोकून घसा साफ केला. पण तिनं विचारलं ते असं:

“मी माजं लुगडं दिलेलं गो, ट्रकात. हिरवं, काठ तांबडा. भावानं दिलेलं, एकदाच नेसलेलं. कोनाच्या अंगावर दिसलं का तुला?”

संगीतानं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. “दिसलं की मावशी. शेजारच्या गावातल्या एका आज्जीच्या अंगावर. सणाला नेसतात त्या. रोज नाही नेसत.”

बाईचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. ताडगोळ्यांचे पैसे घेईना. वर आणखी सहा बांधून दिले. एसटी सुरू झाल्यावर मी विचारलं, “खरंच बघितलंस का गं?”

“मामा, किती हिरवी लुगडी आली होती. त्यात तिचं नसेल का एक?”

रोहा-अष्टमी

रोह्याला कुंडलिका नदी आहे. पुलापलीकडचं गाव ते अष्टमी. नदीत मे महिन्यातही पाणी होतं. पुलावर थांबून मी त्या पाण्याला मनोभावे नमस्कार केला, कारण आमच्याकडं मे महिन्यात नदी म्हणजे क्रिकेटचं मैदान. धाटावकडून वारा आला की औषधाच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो. “कंपनीचा,” असं दिनेशनं सांगितलं, पण असं, की जणू ते घरातलंच माणूस आहे. तो पहिली शिफ्ट करून मोपेडवर थेट आला होता. शर्ट बदललेला, केसांना पाणी लावलेलं, तोंडातून शब्द नाही. पत्रे ठोकताना हाच माणूस दिवसभर बडबडत असे.

घर बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दिनेशच्या आईची अपेक्षा होती, आम्ही नळाला पाणी किती वेळ येतं, शेत किती, हे विचारू. मी आत शिरलो आणि भिंतीवर गुद्दा मारला. बाई दचकल्या. मी दुसऱ्या भिंतीवर मारला. ती कुडाची होती, काठ्यांवर माती लिंपलेली. माझा गुद्दा जरा आतच गेला. “पडली तरी फक्त कपडे मळतील!” मी आनंदानं बाहेर ओरडलो. मग चुलीपासून अंगणापर्यंत पावलं मोजली. अकरा. उलट येऊन परत मोजली. लाकडी खांब हलवून बघितले. दिनेशच्या आई माझ्या मागून, चोराच्या मागून फिरावं तशी फिरत होत्या.

“मास्तर, घरात काय सांडलंय का तुमचं?”

अंगणात शेवग्याखाली उभी राहून संगीता प्रश्न विचारत होती, आणि दिनेश ओटीवर उभा राहून तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देत होता.

“दार आत उघडतं की बाहेर?”

“आत.”

“आत काही पडून अडकलं तर उघडणार कसं?”

“बिजागऱ्या उलट्या लावीन.”

“रात्री कडी लावता?”

“आता नाय लावणार.”

“व्हय, नको लावू,” त्याच्या आई म्हणाल्या. “तशीबी चोराची सोय तूच करून ठेवलीस. मास्तर, बगा, माजी समदी भांडी फळीवरनं खाली मांडलान यानं. दोन दिस घरात चालायला जागा नाय. ह्या बरण्यांना तेवढा मी हात लावू दिला नाय.”

भांडी खरंच जमिनीवर होती. पितळी, तांब्याची, ओळीनं, गुडघ्याच्या खाली. आमचा कायदा रोह्यात पोचला होता. मी दिनेशकडं पाहिलं. तो नखं बघत होता.

सगळं झालं. घर पास झालं. कौलं हलकी, भिंती हलक्या, दार उलटं होणार. फक्त संगीता आत आली नाही. ओटीच्या पायरीपर्यंत आली, उंबऱ्यापाशी उभी राहिली, आणि परत शेवग्याखाली गेली. संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात जेवलो. दिनेशच्या आई दारातून ताटं देत राहिल्या. शेवटी मला चुलीपाशी बोलावून घेतलं.

“मास्तर, पोरगी मला आवडली. तिचं काय झालं ते मला ठाव हाय. पन माजा समदा दिस ह्या चुलीपाशी जातो. दिनेश शिफ्टला, मी एकटी. सून तिकडं शेवग्याखाली आनि मी हितं, असं दारातनं हाका मारत किती वर्सं बोलायचं आमी? आमच्याकडं पाऊस चार-चार महिने अंगनात उबं राहू देत नाय.” त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. “उद्या तिचा पाय आत पडला तर माजी हां हाय. नाय पडला तर दोघा पोरांना असं मधी लटकत ठेवायचं नाय. मग मी दिनेशला सांगीन.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो, मला येतं. राग नव्हता. मी जाऊन संगीताला जसंच्या तसं सांगितलं.

“बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. मग उंबऱ्याकडं बघत: “मामा, मी पाय उचलते हो. उंबऱ्यापर्यंत तो माझा असतो. पुढं माझा राहत नाही.”

शेवटची सकाळ

दहाची एसटी होती. सकाळपासून मी ओटीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. एकच पान. कागदाच्या कडेवरून मी बघत होतो. संगीता उंबऱ्यापाशी आली, हात चौकटीला लावला, परत गेली. पुन्हा आली, डोळे मिटले, परत गेली. तिसऱ्यांदा तिनं पाऊल उचललं ते मला दिसलं. उंबऱ्याच्या वर ते हवेत राहिलं. दिनेशनं त्या दिवशी शिफ्टला दांडी मारली होती. तो पायरीवर पाठमोरा बसला होता, मान वळवायची नाही असं स्वतःला बजावून. पाऊल मागं आलं.

“चला मामा,” ती म्हणाली. “एसटी जाईल.”

तिनं पिशवी उचलली. दिनेश उठला नाही. आतून त्याच्या आईचा आवाज आला, “थांबा, वाटेला भाकरी देते. शेवटची हाय तव्यावर.” मी आत जाऊन पाणी प्यायलो आणि तांब्या तसाच हातात घेऊन ओटीवर आलो.

आणि तेवढ्यात घरामागून तो आवाज आला.

आधी जमिनीतून घुरघुर. मग कडाड् करून दगडावर दगड, दगडावर दगड, आणि पायाखालची ओटी थरथरली. घरामागच्या रस्त्याच्या कामाला एका डंपरनं काळा दगड ओतला होता, एवढंच. पण आमच्याकडच्या माणसाला हा आवाज ऐकायला कान लागत नाहीत. तो टाचेतून वर येतो.

“डंपर हाय, डंपर!” दिनेश ओरडला, असं तो नंतर सांगतो. मी तेव्हा अंगण, कुंपण आणि समोरच्या घराची काट्याकुट्यांची बागड ओलांडून चिंचेखाली पोचलो होतो. कसा, ते विचारू नका. बागडीवर धोतराचा एक तुकडा अजून असेल. तीस वर्षं मी राजा झालो, सैन्याच्या पुढं उभा राहिलो, संवाद म्हटले. आणि आता हातात विहीणबाईंचा तांब्या घेऊन दुसऱ्याच्या चिंचेखाली हाशहुश करत होतो. भाचीचं नावसुद्धा तोंडातून निघालं नव्हतं. ते आठवलं आणि मग मी मागं वळलो.

पायरीवर तिची पिशवी उपडी पडली होती. ताडगोळे अंगणभर. संगीता शेवग्याखाली नव्हती. अंगणात नव्हती. रस्त्यावर नव्हती. दिनेश दाराकडं बघत उभा होता, तोंड उघडं.

आतून भांड्यांचा खणखणाट झाला. जमिनीवर मांडलेल्या भांड्यांतून कोणीतरी वाट काढत येत होतं. आणि संगीता दारातून बाहेर आली. दिनेशच्या आईला तिनं कमरेला मिठी मारून जवळजवळ उचललं होतं, आपला एक हात त्यांच्या डोक्यावर आडवा धरला होता, आणि मान खाली घालून, खांदा पुढं करून ती अशी आली जशी तिच्या पाठीवर काहीतरी कोसळतच आहे. उंबरा, ओटी, पायरी, अंगण. शेवग्याखाली आल्यावर तिनं त्यांना सोडलं, आणि मटकन खाली बसली.

मागं डंपरवाला गाडी वळवत होता. धूळ खाली बसली. एकही कौल हललं नव्हतं. घर जसंच्या तसं उभं होतं, आणि संगीता त्याच्याकडं बघत होती. दारातून चुलीकडं, चुलीकडून दाराकडं, स्वतःच्या पायांकडं. ती कुठं जाऊन आली हे तिला आत्ता कळत होतं. मी तांब्या घट्ट धरून बागडीपलीकडं तसाच उभा. दारातून धूर यायला लागला.

दिनेशच्या आई केस विस्कटलेल्या, दोन्ही हातांना तांदळाचं पीठ, तशाच उभ्या होत्या. त्यांनी दाराकडं पाहिलं, धुराकडं पाहिलं, मग खाली बसलेल्या संगीताकडं पाहिलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“अगो बाय, आत आलीच व्हतीस, तर तेवढी भाकरी तरी उलटायचीस!”